वैशाखातली बाग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चैत्र संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. माघ-फाल्गुनात फुलांचा आकार आणि रंग यांविषयी विचारणारे वाचक आता फक्त झाड जगेल का, एवढेच विचारू लागतात. यंदा आलेल्या पत्रांतून काही निवडून त्यांची उत्तरे या अंकात देत आहे. माझी स्वतःची बाग विदर्भातली असल्यामुळे पाण्याची प्रमाणे सांगताना माझ्या मनात तिथला उन्हाळा असतो. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांपर्यंत पारा चढला होता, तो हा उन्हाळा. घाटमाथ्यावरच्या वाचकांनी ही प्रमाणे आपल्या मातीचा अंदाज घेऊन थोडी कमी करावीत.

प्रश्न : घराभोवती सुमारे दीड गुंठा मोकळी जागा असून तिथे जास्वंद, पारिजातक, पेरू आणि चार वर्षांचे एक लिंबू आहे. जमीन काळी आहे. मी सकाळी आणि संध्याकाळी न चुकता नळीने पाणी देतो, तरीही दुपारी झाडे माना टाकतात. पाणी आणखी वाढवावे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : पाण्याच्या वेळा वाढवू नयेत. उलट त्या कमी कराव्यात आणि प्रत्येक वेळी द्यायचे पाणी मात्र वाढवावे.

दुपारी झाड मान टाकते याचा अर्थ जमीन कोरडी आहेच असे नाही. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पसरट भांड्यातले पाणी एका दिवसात एक सेंटीमीटरहून अधिक खाली जाते, इतकी ती हवा तहानलेली असते. अशा हवेत पानांतून जेवढी वाफ निघून जाते, तेवढे पाणी मुळांना जमीन ओली असतानाही त्या घडीला वर पाठवता येत नाही. म्हणून झाड पाने सैल सोडते, पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते आणि ऊन उतरण्याची वाट बघते. सूर्यास्तानंतर ते पुन्हा ताठ होते. त्यामुळे झाडाला पाणी हवे की नको, हे दुपारी दोन वाजता ठरवू नये. पहाटे, ऊन अंगावर येण्यापूर्वी ठरवावे. रात्रभर विसावा मिळूनही पाने लोंबलेलीच असतील, तर ती खरी तहान समजावी आणि त्याच दिवशी पाणी द्यावे.

आपल्या बागेत नेमके काय घडत असावे, याचा अंदाज मला आहे, कारण काही वर्षांपूर्वी माझ्याच अंगणात तेच घडले होते. रोज पाणी मिळूनही लिंबाची पाने पिवळी पडून गळत होती, म्हणून एके दिवशी मी खुरप्याने आळ्यातली माती उकरली. वरची दोन बोटे माती चिखलासारखी मऊ होती. तिच्या खाली राखाडी, दगडासारखे घट्ट ढेकूळ लागले, त्यात ओलीचा मागमूस नव्हता. लिंबाची सगळी पांढरी, नवी मुळे त्या वरच्या दोन बोटांत गर्दी करून आडवी पसरली होती. रोज थोडे थोडे पाणी देऊन मी त्या मुळांना वर बोलावले होते, आणि दुपारच्या उन्हात सर्वांत जास्त तापते ती माती नेमकी तीच असते.

म्हणून चार वर्षांच्या लिंबाला दर चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम सात-आठ बादल्या पाणी द्यावे, आणि ते सावकाश मुरू द्यावे. पाणी बुंध्याशी ओतण्याचा उपयोग नाही, कारण पाणी शोषणारी मुळे बुंध्यापासून दूर असतात. भर दुपारी झाडाची सावली जमिनीवर जिथपर्यंत पडते, तिच्या कडेने गोल आळे करावे आणि दरवर्षी झाडाच्या घेराबरोबर ते बाहेर सरकवावे. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा ठेवून पाणी त्याच्या बाहेर फिरवावे, म्हणजे खोड कोरडे राहते आणि लिंबूवर्गीय झाडांना छळणारा डिंक्या रोगही दूर राहतो. संत्र्याच्या बागांतली दुहेरी आळ्याची पद्धत याचसाठी आहे. पाणी पुरेसे झाले की नाही, हे दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई जमिनीत खुपसून बघावे. ती जिथपर्यंत सहज जाते, तिथपर्यंत ओल पोचली असे धरावे. लिंबू-पेरूसाठी ही खोली एक फूट तरी हवी.

काळ्या मातीची एक अडचण वेगळी आहे. ती वाळताना आकसते आणि भेगाळते. त्या भेगांतून खालची ओल उडून जाते, बारीक मुळे तुटतात आणि पाणी सोडले की ते मातीत मुरण्याऐवजी भेगेतून थेट खोल निघून जाते. पाणी दिल्यानंतर दोन दिवसांनी, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की वरची दोन-तीन बोटे माती खुरप्याने हलकी करून भेगा बुजवाव्यात आणि त्यावर लगेच आच्छादन घालावे. अकोल्यासारख्या ठिकाणी सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, सहज मिळते. त्याचा चार बोटांचा थर पुरेसा होतो; बुंध्याभोवती मात्र एक वीत जागा मोकळी सोडावी. वाळवीची भीती असेल तर कुटाराखाली मूठ-मूठ निंबोळी पेंड पसरावी. एवढे केल्यावर पाण्याच्या दोन पाळ्यांतले अंतर एक-दोन दिवसांनी वाढवता येते, असा माझा अनुभव आहे. आणि एक कळकळीची विनंती : फाल्गुन-चैत्रात अंगणात पडलेला पाला पेटवू नये. ज्या महिन्यांत मातीला पांघरुणाची सर्वाधिक गरज असते, त्याच महिन्यांत झाडे ते आपण होऊन खाली टाकतात, आणि आपण ते जाळून मोकळे होतो.

प्रश्न : गच्चीवर वीस-बावीस कुंड्या आणि काळ्या ग्रो-बॅगा आहेत. मिरची, टोमॅटो, गुलाब, कढीपत्ता लावला आहे. पाणी घातले की लगेच खालून वाहून जाते, तरीही झाडे सुकलेली दिसतात. टोमॅटोला फुले येतात, पण एकही टिकत नाही. (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : आपल्या पिशव्यांत कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, प्रमाण जास्त असणार. कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचे हलके मिश्रण एकदा पूर्ण कोरडे झाले की ते पाणी सहजासहजी धरत नाही. ते आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि आपण घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली उतरते. मधला गोळा कोरडाच राहतो. कुंडी उचलून बघावी. पाणी घातल्यानंतरही ती हलकी लागली, तर हेच झाले आहे. लहान कुंड्या टबभर पाण्यात कडेपर्यंत बुडवून ठेवाव्यात, बुडबुडे येणे थांबले की काढून निथळू द्याव्यात. मोठ्या पिशव्यांत बोटाएवढ्या जाड काडीने ठिकठिकाणी भोके पाडून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन वेळा थोडे थोडे पाणी द्यावे. पुढच्या वेळी मिश्रण भरताना त्यात निदान तिसरा हिस्सा चांगली माती घालावी. वजन वाढते हे खरे, पण उन्हाळ्यात निव्वळ कोकोपीटवर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. दुपारी तीनच्या सुमारास पिशवीच्या पश्चिमेकडच्या बाजूला तळहात टेकवून बघावा. हात ठेववत नसेल, तर आत त्या बाजूची मुळे भाजत आहेत. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना अशी झळ कधी सोसावी लागत नाही. गच्चीवर मात्र ती खालून स्लॅबची आणि बाजूने कुंडीच्या भिंतीची, अशी दोन्हीकडून लागते. सगळ्या कुंड्या विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवाव्यात आणि एकमेकींना खेटून त्यांचा एक गठ्ठा करावा, म्हणजे आतल्या कुंड्यांना बाहेरच्यांची सावली मिळते. बाहेरच्या रांगेत कढीपत्त्यासारखी काटक झाडे ठेवावीत आणि काळ्या पिशव्यांना पांढरा कपडा किंवा गोणपाट गुंडाळावे. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी कढत असते. ते आधी बादलीत काढून घ्यावे आणि नळी थंड झाल्यावरच ती झाडांकडे न्यावी.

शेडनेट बांधताना ती झाडांच्या डोक्याला टेकेल इतकी खाली बांधू नये. सहा-सात फूट उंचीवर बांधली, तर खालची गरम हवा बाजूने निघून जाते. भाज्या आणि गुलाब यांना पन्नास टक्क्यांची जाळी पुरते. तिच्याहून दाट जाळीखाली मिरची नुसतीच उंच वाढत जाते. पुण्यात सर्वांत कडक ऊन मे महिन्यापेक्षा एप्रिलमध्ये असते, म्हणून होळी झाली की जाळी बांधून घ्यावी.

टोमॅटोविषयी आपण स्वतःला दोष देऊ नये. दिवसा पस्तीस अंशांच्या पुढे ऊन आणि रात्रीही उकाडा असला की त्याचे परागकण निकामी होतात आणि फूल देठातून गळते. यावर खत नाही आणि फवारणीही नाही. ती झाडे काढून त्या पिशव्यांत घोळ, चवळई किंवा अंबाडी पेरावी. या पालेभाज्या उन्हाला कंटाळत नाहीत, आणि मे महिन्यात घरची घोळाची भाजी ताटात येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न : कूलरच्या टाकीतले पाणी दर आठवड्याला बदलावे लागते. शिवाय पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून रोज पाच-सात लिटर पाणी वाया जाते. ही दोन्ही पाणी झाडांना चालतील का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हा प्रश्न प्रत्येक वैदर्भीय घरातला आहे आणि त्याचे उत्तर जपून द्यायला हवे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, पण पाण्यातले क्षार टाकीतच राहतात. रोज नवे पाणी भरले जाते आणि रोज नवे क्षार मागे उरतात. आठवड्याच्या शेवटी टाकीत उरलेले पाणी दिसायला स्वच्छ असले, तरी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट झालेले असते. वाळ्याच्या ताटीवर साचलेली पांढरी खपली हा त्याचा पुरावा आहे. हे पाणी गुलाब, मोगरा, लिंबू, नेचे आणि कोवळी रोपे यांना देऊ नये. एका बादलीत तीन बादल्या साधे पाणी मिसळून ते कण्हेर, बोगनवेल, नारळ अशा सोशिक झाडांना, आणि तेही आलटून पालटून, द्यावे. बोअरचे पाणी कूलरमध्ये भरत असाल, तर मी ते पाणी बागेत वापरणार नाही. त्याने अंगण धुवावे.

शुद्धीकरण यंत्रातल्या पाण्याचे उत्तर मूळ पाण्यावर अवलंबून आहे. विरघळलेले क्षार मोजणारा छोटा टीडीएस मीटर बाजारात सहज मिळतो. आकडा साधारण ४५० पर्यंत असेल, तर बहुतेक झाडांना काही त्रास होत नाही. त्यापुढे हळूहळू जपावे लागते, आणि २००० च्या पुढचे पाणी झाडांना देऊच नये. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र क्षारविरहित असते आणि ते कुंड्यांना निःशंकपणे घालावे. दमट मुंबईत त्याची बादली भरते, आपल्या कोरड्या हवेत ते थोडेच मिळते.

पानांची टोके आणि कडा करपणे, कुंडीच्या काठावर पांढरा थर बसणे, ही क्षार वाढल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी खत पूर्ण थांबवावे आणि चांगल्या पाण्याची सोय असेल त्या दिवशी कुंडीत इतके पाणी घालावे की खालच्या छिद्रातून ते बराच वेळ वाहत राहील. पहिल्या पावसाचे पाणी हेच काम सर्वांत चांगले करते, म्हणून मृगाच्या सरी आल्या की कुंड्या आडोशाला नेऊ नयेत, उघड्यावर ठेवाव्यात.

प्रश्न : मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन उमलण्यापूर्वीच गळतात. पानांवर बारीक पिवळे ठिपके असून ती निस्तेज दिसतात. पाणी कमी पडते आहे का? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि दोहोंचाही पाण्याशी थेट संबंध नाही.

जांभळट झालेली एक कळी नखाने उकलून बघावी. बहुधा आत बारीक हिरवट अळी किंवा तिची काळसर विष्ठा सापडेल. ही कळी पोखरणारी अळी आहे. बाधित कळ्या रोज सकाळी खुडून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, खाली गळलेल्याही वेचून घ्याव्यात. आठ-दहा दिवस नेमाने हे केले, तर घरच्या दोन-चार झाडांवर वेगळे औषध लागत नाही.

पानांच्या ठिपक्यांसाठी एक सोपी परीक्षा करावी. पांढरा कागद पानाखाली धरून पानावर दोनदा टिचकी मारावी आणि क्षणभर थांबून कागदाकडे नीट बघावे. तांबूस, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान असे ठिपके चालू लागले, तर ते लाल कोळी आहेत. कोरडी, गरम हवा आणि पानांवरची धूळ त्यांना मानवते, म्हणून उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या कुंपणावर ते आधी दिसतात. पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारावी. तीन दिवसांच्या अंतराने चार-पाच वेळा असे केले की त्यांची संख्या निम्म्याहून खाली येते. तरीही न हटल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून सूर्य मावळल्यावर फवारावे. दुकानदार पाण्यात विरघळणारे गंधक सुचवतील. ते कोळ्यांवर गुणकारी आहे, पण सोलापूरच्या चाळीस अंशांत त्याने पाने भाजतात. हिवाळ्यात वापरावे, आता नको.

पुढच्या वर्षासाठी एवढे लक्षात ठेवावे की जानेवारीच्या अखेरीस मोगऱ्याचे पाणी काही दिवस तोडून त्याची छाटणी केली आणि नंतर शेणखत घालून पाणी सुरू केले, तर चैत्रातली फूट निरोगी आणि भरघोस येते.

प्रश्न : मे महिन्यात बारा दिवस गावी जायचे आहे. शेजारी किल्ली देण्यासारखे कोणी नाही. बाल्कनीतल्या चौदा कुंड्यांचे काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सर्व कुंड्या बाल्कनीच्या कठड्यावरून उतरवून सावलीच्या बाजूला, शक्य तर उजेड येणाऱ्या खोलीत खिडकीजवळ, एकत्र ठेवाव्यात. निघण्यापूर्वी चार दिवस आधी कळ्या, फुले आणि पिकली पाने काढून टाकावीत, म्हणजे झाडाचा पाण्याचा खर्च घटतो. निघायच्या आदल्या रात्री कुंड्या भरपूर भिजवाव्यात, वर सुक्या पाल्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर घालावा आणि मध्ये स्टुलावर पाण्याची बादली ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीत जाडसर सुती दोरी सोडावी. दोरीचे एक टोक बादलीच्या तळाला टेकलेले आणि दुसरे मातीत तीन बोटे पुरलेले असावे. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यायला विसरू नये. कोरडी दोरी पाणी ओढत नाही. नायलॉनची दोरी चालत नाही. डासांसाठी बादलीवर घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. हा सगळा प्रयोग जाण्यापूर्वी तीन दिवस घरी असतानाच करून बघावा, म्हणजे बादली किती दिवसांत रिकामी होते ते कळेल आणि एक बादली पुरेल की दोन लागतील, हे ठरवता येईल. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठवून जाऊ नये. त्यात मुळे कुजतात आणि डास होतात.

प्रश्न : वृंदावनातली तुळस दर उन्हाळ्यात वाळते. (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : वृंदावनाची पोकळी लहान असते, त्याच्या भिंती चहूबाजूंनी तापतात आणि पूजेचे तांब्याभर पाणी रोज एकाच जागी पडते. आतली माती वर्षानुवर्षे बदललेलीही नसते. मंजिऱ्या बिया धरण्यापूर्वीच खुडाव्यात. बी धरले की तुळस आपले आयुष्य पुरे झाले असे समजते आणि वाळू लागते. वृंदावनाच्या पश्चिमेला दुपारपुरता आडोसा करावा, आठवड्यातून दोनदा तांब्याऐवजी अर्धी बादली पाणी सावकाश द्यावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माती बदलून नवे रोप लावावे.

प्रश्न : दुपारी पानांवर पाणी पडले, तर थेंबांमुळे ती भिंगासारखी जळतात का? आणि उन्हाळ्यात खत द्यावे का? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : गुळगुळीत पानावर बसलेला थेंब पानाला चिकटलेला असतो आणि त्यातून एकवटणारे किरण पानाच्या पलीकडे जुळतात, म्हणून पान जळत नाही. लवदार पानांवर थेंब उचललेला राहतो, तिथे थोडी शक्यता असते. खरे नुकसान होते ते खारट पाण्याने : थेंब वाळतो आणि त्यातला क्षार पानावर राहतो. दुपारी पाणी देऊ नये, याचे मुख्य कारण असे की त्यातले पुष्कळसे मुळांपर्यंत पोचण्यापूर्वीच उडून जाते.

खताचे म्हणाल तर युरिया आणि कच्चे शेण या दिवसांत पूर्ण वर्ज्य समजावे. जुने, काळे, मातीचा वास येणारे शेणखत किंवा गांडूळखत आच्छादनाखाली पातळ पसरले तर हरकत नाही. उपाशी झाड पावसाळ्यात सावरते, खताने भाजलेले झाड सहसा सावरत नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात जांभ्या जमिनीत नारळाची सहा रोपे लावली. विहीर मे महिन्यात तळ गाठते. ती रोपे कशी जगवावीत? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : आपल्याकडे सोडणांचा, म्हणजे नारळाच्या जाड केसाळ सालांचा, ढीग असणारच. रोपापासून हात-दीड हात अंतरावर गोल चर खणून त्यात ओल्या केलेल्या सोडणांचे दोन थर, पोकळ बाजू वर करून, रचावेत आणि मातीने झाकावेत. एकेक सोडण पाणी पिऊन ते हळूहळू सोडत राहते आणि हा साठा पाच-सहा वर्षे उपयोगी पडतो. रोपाच्या नैर्ऋत्य बाजूला झापाचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, आडोसा उभा करावा. जांभी जमीन पाणी धरत नाही, म्हणून अकोल्याच्या वाचकाला दिलेला एकदम भरपूर पाण्याचा सल्ला इथे लागू नाही. चार दिवसांनी तीन बादल्या देण्यापेक्षा दोन दिवसांनी दीड बादली देणे बरे.

प्रश्न : आमच्याकडे आठवड्यातून एकदा टँकर येतो. अंगणात मोठा कडुनिंब, दोन वर्षांचा आंबा, डाळिंब, सहा गुलाब, निशिगंध आणि थोडी भाजी आहे. माणसांना पाणी नाही आणि मी झाडांचे विचारते आहे, याचा मनाला संकोच वाटतो. पण सगळेच वाळताना बघवत नाही. काय जगवावे आणि काय सोडावे? (एक वाचक भगिनी, लातूर)

उत्तर : ताई, संकोच मुळीच वाटू देऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने ज्या शहराला पाणी न्यावे लागले, त्या शहरातल्या प्रत्येक घराला पाण्याची किंमत इतरांहून अधिक ठाऊक आहे. पिण्याच्या पाण्यातला थेंबही बागेला देऊ नये, हे आपण जाणताच. मात्र चार माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली अंघोळ झाली, तरी रोज साठ लिटरच्या आसपास पाणी मोरीतून बाहेर जाते. पूर्वी परसात मोरीच्या तोंडाशी कर्दळ, अळू आणि केळ असायची, ती याच पाण्यावर. अंघोळीचे पाणी झाडांना चालते. कपड्यांच्या पावडरीचे पहिले पाणी तेवढे टाळावे, दुसऱ्या-तिसऱ्या खळखळीचे घ्यावे. कच्ची खायची भाजी सोडून इतर झाडांना ते आळीपाळीने द्यावे, एकाच जागी रोज नको. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी गुलाबांसाठी राखून ठेवावे.

आता काय जगवायचे ते. कडुनिंबाची चिंता सोडावी. त्याची मुळे खोल गेलेली आहेत आणि त्याच्या सावलीचाच उपयोग आपल्याला करून घ्यायचा आहे. भाजी आजच काढून टाकावी, तिला दिलेले पाणी दोन महिन्यांनी कशाच्याच कामी येणार नाही. निशिगंधाचे पाणी तोडावे. पाने वाळतील, कंद मातीत जिवंत राहतील आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतील. डाळिंब सोशिक आहे. त्यावरची सगळी फुले-फळे काढून टाकली, तर आठवड्याला दोन बादल्यांवर ते तग धरेल. गुलाबांच्या कळ्या खुडून शेंडे हलके कापावेत, पण खोलवर छाटणी करू नये, कारण उघडी पडलेली साल उन्हाने तडकते. गुलाब कुंड्यांत असतील, तर सगळे कडुनिंबाखाली नेऊन ठेवावेत. सहाही वाचवता आले नाहीत, तर तीन निवडून त्यांना पुरेसे पाणी द्यावे. सहांना अर्धपोटी ठेवले, तर बहुधा सहाही जातात. हा निर्णय जड आहे, मला तो दोनदा घ्यावा लागला आहे, पण तो मे उजाडण्यापूर्वी घेतलेला बरा.

सगळा जीव लावावा तो दोन वर्षांच्या आंब्याला. त्याची मुळे अजून कडुनिंबासारखी खोल गेलेली नाहीत आणि तो गेला, तर पुन्हा दोन वर्षे मागे जावे लागेल. खोडाला जमिनीपासून फांद्यांपर्यंत चुना लावावा किंवा सैल गोणपाट गुंडाळावे. पश्चिमेला तरटाचा आडोसा करावा. आच्छादन जाड घालावे. आणि पाणी वरून न देता माठातून द्यावे. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लेखनातही मातीच्या घड्याने पाणी देण्याची ही रीत सांगितलेली आहे, आणि आपल्या दुष्काळी भागांत अनेकांनी तिच्यावर झाडे जगवली आहेत. आठ-दहा लिटरचा, रंग किंवा चकाकी न दिलेला कच्च्या लाल मातीचा नवा माठ घ्यावा. आंब्यापासून हातभर अंतरावर दोन बाजूंना दोन माठ गळ्यापर्यंत पुरावेत, भोवतीची माती भुसभुशीत करून हाताने दाबावी आणि पाणी भरून तोंडावर झाकण ठेवावे. झाकण नसेल तर डास होतात आणि पाणीही उडते. भोवतीची माती कोरडी असेल तसे माठ अधिक पाझरतात, ती ओली झाली की आपोआप आवरतात, त्यामुळे एक थेंबही वाया जात नाही. दर तीन-चार दिवसांनी झाकण उघडून माठ भरावेत. यांत अंघोळीचे साबणाचे पाणी घालू नये, माठाची छिद्रे बुजतात. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणीही फडक्याने गाळून घ्यावे. पाझर मंदावला असे वाटले, तर माठ रिकामा करून आतून नारळाच्या शेंडीने घासावा.

चांगला पाऊस लागला की माठ काढून ठेवावा, असे वाटेल. काढण्यापूर्वी एका बाजूची माती हाताने थोडी उकरून बघावी. आंब्याची केसांसारखी बारीक मुळे माठाच्या पोटाला जाळीसारखी बिलगलेली दिसली, तर माठ ओढून काढू नये. तो तिथेच राहू द्यावा.